सयाजीरावांचा लार्ज मास्क

लक्ष्मणराव परभणीहून चाकणजवळच्या कुरुळीत आले त्या दिवशी दुपारी त्यांची आणि सयाजीरावांची पहिली भेट झाली, आणि त्या भेटीत सयाजीराव कुठेच दिसले नाहीत. फक्त ऐकू आले.

झालं असं, की भाड्याच्या खोलीत लक्ष्मणरावांनी नुकती वळकटी सोडली होती. पत्र्याची चाळ, कोपऱ्यात मोरी, खिडकीबाहेर कंपनीची भिंत. एवढ्यात जमीन हादरली. भिंतीवरचा आरसा खिळ्यावर डावीकडून उजवीकडे सरकला. छपराच्या पत्र्यातून गंज सुटून त्यांच्या टकलावर पडला. लक्ष्मणरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: चाळ बेकायदा आहे आणि ती पाडायला जेसीबी आलाय. एक नव्हे, दोन. कारण एक आवाज पुढे येताना होत होता आणि दुसरा मागे जाताना. त्यांनी वळकटी डोक्यावर घेतली, स्टोव्ह काखेत मारला आणि "पळा हो, पाडायलेत!" असं ओरडत अंगणात उडी टाकली.

अंगणात घरमालकीण छबूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"कोन काय पाडत न्हाई," त्या म्हणाल्या. "आमचं मालक हायेत. जेवून पडल्यात."

त्याच वेळी आवाज थांबला. पार थांबला. अंगणातली कोंबडी एक पाय वर उचलून तशीच उभी राहिली. छबूबाईंचा हात शेंगेवर थबकला. शांतता इतकी लांबली, की लक्ष्मणरावांनी वळकटी खाली ठेवली, न पाहिलेल्या घरमालकाच्या आत्म्याला मनोमन शांती चिंतली आणि आता भाडं कुणाच्या हातात द्यायचं या विचाराला लागले. मग आतून असा काही फुत्कार आला, की कोंबडी थेट भिंतीवर गेली.

"आलं," छबूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची शेंग फोडली.

सयाजीराव हे कुरुळीचे जुने बागायतदार. ज्या शिवारात त्यांनी बैल हाकले तिथे आता गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी उभी होती. जमीन गेली, पैसा आला, बंगला झाला, मागे चाळ झाली, आणि मग दिवसभर करायचं काय, हे कुणालाच सांगता येईना. त्यांच्या बरोबरीची माणसं गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालून चौकात बसली आणि बसल्या जागी म्हातारी झाली. सयाजीरावांनी मात्र बस घेतली, कंपनीच्या कामगारांची ने-आण करायचं कंत्राट मिळवलं आणि ड्रायव्हर न ठेवता स्वतःच स्टेअरिंगवर बसले. रोज सकाळी ते बसभर माणसं घेऊन आपल्याच जुन्या वावरात जात आणि पूर्वी जिथे त्यांची विहीर होती नेमक्या त्या जागी बस उभी करत.

"भाडं खाऊन घरी बसलेल्याला कुत्रं बी इचारत न्हाई," ते म्हणत. "स्टेअरिंग हातात हाय तवर सकाळच्याला रस्त्यानं माणसं माझी वाट बघत्यात. कलेक्टरची तरी बघत्यात का?"

लक्ष्मणराव त्याच कंपनीत मेन्टेनन्सला फिटर म्हणून लागले, त्यामुळे त्याच बसने जाऊ लागले. इंजिनाच्या झाकणावर रेक्झिनची गादी होती, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. ती जागा त्यांना मिळाली आणि जागेबरोबर एक बिनपगारी काम मिळालं. सयाजीराव रात्रभर झोपत, दुपारी झोपत, आणि तरीही गाडी सिग्नलला थांबली की त्यांची हनुवटी छातीला टेके. चाकणच्या रस्त्यावर गाडी थांबते किती आणि चालते किती हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या कामाचा व्याप कळेल.

"मालक, सुटला सिग्नल."

"दिसतंय मला."

"डोळे मिटून कसं दिसायलंय?"

"डोळं न्हाई मिटलं, फिटर. इच्यार करतोय."

"मग विचार जरा हळू आवाजात करा. मागचे घाबरायलेत."

मागचे हसत. सयाजीरावही हसत. एवढ्या मोठ्या माणसाला चिडवता येतं आणि तो वर आपल्यालाच तंबाखूची पुडी पुढे करतो, याचं लक्ष्मणरावांना फार अप्रूप होतं. गावाकडे त्यांना कुणी 'राव' लावत नसे. इथे एक बंगलेवाला त्यांना चारचौघांत 'आमचं फिटर' म्हणे. परक्या मुलखात आलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

मग एका वर्षी कंपनीच्या सेफ्टीवाल्या साहेबांनी सगळ्या बस ड्रायव्हरांची तपासणी लावली. सयाजीराव रक्तदाब मोजायला बसले आणि दंडावरचा पट्टा फुगायच्या आत झोपले. साहेबांच्या देखत. पुढचं सगळं ओघाने आलंच. चिंचवडच्या डॉक्टरांनी रात्रभर अंगाला वायरी लावून झोपवलं आणि सांगितलं, की झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू दचकून उठवतो, आणि हे असं रात्रभर चालतं. म्हणजे हा माणूस कैक वर्षं झोपलेलाच नाही, नुसता आडवा पडलाय. उपाय म्हणजे हवेच्या दाबाचं यंत्र. यंत्रातून नळी, नळीला मास्क, मास्क तोंडावर बांधून झोपायचं.

साहेबांनी स्वच्छ सांगितलं. महिनाभर बस मुलगा चालवेल. महिन्याने यंत्राचा रिपोर्ट चांगला आला तर सयाजीराव पुन्हा स्टेअरिंगवर. नाही आला, तर कायमचे खाली.

यंत्र आणायला सयाजीराव पांढरे कपडे घालून गेले, जणू नवी गाडी काढायचीय. सोबत मुलगा ज्ञानेश, दोन पाहुणे, आणि तांत्रिक सल्लागार म्हणून फिटर लक्ष्मणराव. दुकानातल्या वर्षालीने टेबलावर तीन मास्क मांडले. एक नाक-तोंड दोन्ही झाकणारा, एक फक्त नाकावर बसणारा, आणि एक नुसता नाकपुड्यांना खालून टेकणारा, दोन बोंडांचा.

"हे कसलं?" सयाजीरावांनी शेवटचा दोन बोटांत धरला. "नथ हाय व्हय ही? बाईमानसाचं दिसतंय."

"काका, झोपेत तुमचं तोंड मिटलेलं राहतं, टेस्टमध्ये तसं आलंय. नाकाचा छोटा तुम्हाला चालेल." वर्षालीने कागदी मापाने त्यांचं नाक मोजलं. "स्मॉल."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काय म्हनली?"

"स्मॉल साइज, काका."

सयाजीरावांच्या घरात जन्मापासून स्मॉल असं काही आलेलं नव्हतं. फाटक घेतलं ते हत्ती आत यावा असं. टीव्ही घेतला तो भिंतीवर मावेना, तेव्हा खिडकी बुजवली. ज्ञानेशच्या लग्नाचा फ्लेक्स इतका मोठा होता, की वाऱ्याने उडाला तेव्हा दोन मोटरसायकली झाकल्या गेल्या.

"तो मोठा दाव," ते म्हणाले. "तोंड झाकनारा. लार्ज."

"काका, मास्क गाडीसारखा नसतो, चपलेसारखा असतो. मापाचाच लागतो. इथे कॉटवर आडवे व्हा, मी यंत्र चालू करून तिन्ही लावून दाखवते. आडवं झाल्यावर चेहरा बदलतो."

पाहुण्यांसमोर, परक्या पोरीसमोर, भर दुकानात आडवं व्हायचं? सयाजीराव खुर्चीत ताठ बसले, फोटोला बसतात तसे. लार्ज मास्क चढवला. ताठ बसलेल्या, बंद यंत्राच्या, छाती पुढे काढलेल्या सयाजीरावांना तो झकास बसला. लढाऊ विमान चालवणाऱ्यासारखे दिसायला लागले.

"शोभायलाय मालक," लक्ष्मणराव म्हणाले. तांत्रिक सल्ला देऊन झाला.

वर्षालीने हात टेकले. "बरं. पण रिपोर्ट मला इथे मोबाइलवर दिसतो. हवा गळत असली तर महिन्याच्या आत या. मी बदलून देईन. हा छोटा तुमच्या नावाने बाजूला ठेवते."

घरी यंत्राला हळद-कुंकू लागलं, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आणि दुपारी सयाजीराव मास्क लावून आडवे झाल्यावर बंगल्यातून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग दुसरी. मग शिट्टी थांबेचना. लार्ज मास्कच्या दोन्ही बाजूंनी हवा पळत होती. वरची सरळ डोळ्यांत जात होती. सयाजीराव लाल डोळ्यांनी उठून बसले.

"फिटरला बोलव," ते म्हणाले.

आता लक्ष्मणराव कोण, तर मेन्टेनन्सचा माणूस. त्यांचं उभं आयुष्य गळती थांबवण्यात गेलेलं. वाफ गळो, तेल गळो, पाणी गळो, इलाज एकच: जोड आवळायचा. आवळून भागलं नाही तर मध्ये रबर घालायचं आणि पुन्हा आवळायचा. त्यांनी मास्कचे पट्टे आवळले. शिट्टीचा सूर बदलला. आणखी आवळले. सयाजीरावांचे गाल कानांकडे सरकले आणि चेहऱ्याला एक कायमचं आश्चर्य आलं. गळती वाढली, कारण हवेवर तरंगावी अशी ती मऊ कड आवळून चुरगळली होती. लक्ष्मणरावांनी कंपनीतून रबराची पट्टी आणली, कापून नाकाच्या दांड्यावर बसवली, वर पांढरी टेप गुंडाळली. शेजारच्या खोल्यांतले वेल्डर, टर्नर, पेंट शॉपवाले बघायला जमले आणि प्रत्येकाने आपापल्या खात्याचा उपाय सांगितला. एकाने सिलिकॉनची ट्यूब आणली होती. ती छबूबाईंनी हिसकावून घेतली, म्हणून सयाजीराव कायमचे मास्कमध्ये राहण्यापासून वाचले.

आठवड्यात नाकाच्या दांड्यावर जखम झाली. ज्ञानेशला दुकानातून फोन आला.

"आप्पा, मॅडम म्हनत्यात, गळती लई दिसतीय. पट्टे सैल करा म्हनत्यात. आणि दुकानात या, छोटा घेऊन जा."

"सैल?" लक्ष्मणराव हसले. खरोखर हसले, मांडीवर थाप मारून. "गळायलंय, आन् सैल करा म्हणायल्या! अहो, कोणत्या कंपनीत सैल केल्यानं गळती थांबती?"

"ऐक, फिटर काय म्हनतोय ते," सयाजीराव म्हणाले. "आन् स्मॉल घ्यायला मी परत जानार न्हाई. पाव्हनं हुतं तिथं."

त्यांनी मास्क काढून उशाशी टाकला तो पुन्हा लावलाच नाही. ज्ञानेश रोज सकाळी बस काढायचा, गिअर टाकताना खर्रकन आवाज करायचा, आणि फाटकात उभे असलेले सयाजीराव दात आवळायचे. एकदा बस गेल्यावर ते तिथेच फाटकाला धरून उभे होते. लक्ष्मणरावांची त्या दिवशी सुट्टी होती. ते जवळ गेले.

"रिपोर्ट वाईटच येनार, राव," सयाजीराव रस्त्याकडे बघत म्हणाले. "सुटलं माझं स्टेअरिंग. आता बसतो चौकात, साखळी घालून."

एवढा दांडगा माणूस, पण हातातलं फाटक सोडत नव्हता. लक्ष्मणरावांना ते पाहवेना.

आणि तिथे त्यांना ती कल्पना सुचली. कल्पना तरी कशी म्हणायची? ती रीतच होती. दोस्त उशिरा येणार असेल तर त्याचं हजेरीचं कार्ड आपण पंच करायचं. आपल्या वेळी तो करतो. याला कुणी लबाडी म्हणत नसे, शेजारधर्म म्हणत. अलीकडे कंपनीत चेहरा पाहून हजेरी घेणारं यंत्र आलं आणि हा धर्म बुडाला. पण सयाजीरावांचं यंत्र चेहऱ्यावर बसूनही चेहरा ओळखत नव्हतं.

"मालक, तुमची हजेरी मी लावतो," लक्ष्मणराव म्हणाले. "मास्क माझ्या तोंडावर. झोप माझी, नाव तुमचं."

सयाजीरावांनी लक्ष्मणरावांच्या खांद्यावर हात ठेवला. लक्ष्मणरावांना वाटलं, आपण या माणसाचं ऋण फेडलं.

यंत्र चाळीत आलं. लक्ष्मणरावांचं तोंड रुंद, जबडा चौकोनी, गाल भरलेले. लार्ज मास्क त्यांच्यावर असा बसला, की जणू कारखान्यात त्यांचंच तोंड समोर ठेवून साचा बनवला होता. रबर काढलं, टेप काढली. पट्टे सैल ठेवले, कारण स्वतःच्या तोंडावर आवळायला त्यांचंही मन होईना. गळती नाही. श्वास अडायचा प्रश्नच नव्हता. तो त्यांचा कधी अडलेलाच नव्हता. बायको गावाकडून फोनवर म्हणाली, "आवाज ताजातवाना यायलाय तुमचा." तिकडे बंगल्यात सयाजीराव बिनमास्कचे घोरत होते, आणि मधेच थांबत होते.

महिना भरला तेव्हा दोघेच दुकानात गेले. वर्षालीने मोबाइल पाहिला आणि तिचा चेहरा फुलला.

"काका, कमाल! सुरुवातीला किती गळत होतं, आणि आता एकदम शून्यावर. पट्टे सैल केलेत ना? मी म्हटलं नव्हतं? लार्जच बसला बघा तुम्हाला. चुकलं माझं." तिने काउंटरखालून सयाजीरावांच्या नावाची चिठ्ठी लावलेला छोटा डबा काढला आणि चिठ्ठी सोलायला लागली. "आता हा परत शेल्फवर ठेवते."

सयाजीराव त्या डब्याकडे बघत राहिले. नाकावरची जखम अजून सुकत होती. आज पाहुणे नव्हते. कॉट रिकामी होती.

"पोरी," ते म्हणाले, "आलोच हाय तर... एकदा लावून बघू का त्यो? उगं आपलं."

वर्षालीने मान वर केली. लक्ष्मणरावांना पुढचं सगळं दिसलं. आता हा माणूस आडवा होणार, ही पोरगी यंत्र चालू करायच्या आत घोरायला लागणार, आणि शून्याचा रिपोर्ट हातात धरून ती विचारणार, हे कसं काय?

त्यांनी सयाजीरावांचा दंड धरला. "कामून मालक? पास झालात की. चांगलं चाललेलं कशाला उघडून बघता?"

सयाजीरावांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "व्हय," ते म्हणाले. "तू म्हनतोस तर."

दुसऱ्या दिवसापासून ते स्टेअरिंगवर. कामगारांनी बसला झेंडूचा हार घातला. लक्ष्मणराव आपल्या गादीवर बसले आणि पूर्वीपेक्षा दुप्पट बडबड करू लागले. परभणीचं ऊन, मुलीची दहावी, मेहुण्याचं भांडण. विषय संपले की पुन्हा पहिल्यापासून. दुपारी शिफ्ट सुटली की त्यांच्या घशाला कोरड पडायची. यंत्र त्यांच्याच खोलीत होतं. रिपोर्ट दर महिन्याला द्यायचा होता.

अशी दिवाळी गेली. थंडी गेली. एका दुपारी, शिफ्ट सुटून परत येताना, मागून कुणीतरी लक्ष्मणरावांना शेंगदाणे देऊ केले. ते घ्यायला वळले. तेवढंच. पुढे एक कंटेनर उभा होता, नेहमीसारखाच, रस्ता तुंबलाय म्हणून. सयाजीरावांची बस न थांबता, शांतपणे, कसलीही घाई न करता जाऊन त्याच्या मागच्या बाजूत शिरली.

कुणी मेलं नाही. मागच्यांचे दात पडले, डोकी फुटली, एका टर्नरचा हात मोडला. लक्ष्मणरावांचं गळपट्टीचं हाड मोडलं. सयाजीरावांची डावी मांडी दोन जागी.

सेफ्टीवाले साहेब चौकशीला आले. लक्ष्मणराव गळ्यात झोळी घालून त्यांच्यासमोर बसले. साहेबांनी आधी सगळे रिपोर्ट पाहिले होते.

"झोपेचा आजार असता तर एक वेळ मी समजू शकलो असतो," साहेब म्हणाले. "पण यांचे सगळे रिपोर्ट उत्तम आहेत. रोज व्यवस्थित झोप. मग हा निव्वळ बेफिकीरपणा. मोबाइल बघत असतील, नाहीतर प्यायले असतील. तुम्ही शेजारी होतात. काय झालं होतं?"

उत्तर लक्ष्मणरावांच्या जिभेवर होतं. ते एका वाक्याचं होतं. पण त्या वाक्यात त्यांची नोकरी होती, आणि नोकरीत मुलीची अकरावी.

"मी मागं वळलो होतो, साहेब," ते म्हणाले. "बघितलं नाही."

साहेबांनी लिहून घेतलं.

दवाखान्यात जाताना लक्ष्मणरावांना भीती होती, सयाजीराव ओरडतील. सयाजीराव ओरडले नाहीत. पाय वर टांगलेला होता. नाकाखाली दोन बोंडं होती, नळी उशीवरून मागे गेली होती. ऑपरेशनच्या वेळी श्वास अडायला लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कुणाला न विचारता लावलं होतं. स्मॉल.

"परवापास्नं आवाज न्हाई," छबूबाई म्हणाल्या. त्या लक्ष्मणरावांकडे न बघता भिंतीशी बोलत होत्या. "लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा. मला झोप येईना, आवाज न्हाई म्हनून. उठून उठून बघत हुते."

सयाजीरावांनी डोळे उघडले. स्वच्छ, पांढरे डोळे. एवढी वर्षं लक्ष्मणरावांना वाटत होतं, या माणसाचे डोळे मुळातच लाल आहेत.

"साहेब काय म्हनलं?"

"बेफिकीरपणा म्हणाले."

"तू काय म्हनलास?"

"मागं वळलो होतो, बघितलं नाही म्हणालो."

"बरं केलंस," सयाजीराव म्हणाले. "दोगांचं कशाला बुडवायचं." मग डोळे मिटले आणि पाच मिनिटांत झोपले. कसलाही आवाज न करता, एखाद्या लहान मुलासारखे. लक्ष्मणराव वाट बघत राहिले, पण श्वास काही थांबला नाही.

छबूबाई तेव्हा पहिल्यांदा वळल्या. "यंत्र तुमच्या खोलीत हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "त्ये ठिवून जावा. आन् खोली या महिन्यात मोकळी करा."

सयाजीरावांचं लायसन्स रद्द झालं. लक्ष्मणराव आता शेजारच्या महाळुंग्यात राहतात आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या बसने कामाला जातात.